पिन सांगावा लागला तेव्हा: ह्यूस्टन विमानतळावरचं एक प्रकरण

३१ जानेवारी २०१७. चिलीतल्या सँटियागोहून आलेल्या विमानातून एक अभियंता ह्यूस्टनला उतरला. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये, तो नोकरीला होता. जन्मापासून अमेरिकी नागरिक. सरकारच्याच 'ग्लोबल एन्ट्री' योजनेत नाव नोंदवलेलं, म्हणजे आधीच चौकशी होऊन 'याला फार अडवायचं कारण नाही' असं ठरलेला प्रवासी. चिलीला तो कामासाठी गेलाच नव्हता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींचा त्याला छंद, त्यासाठी सुट्टी काढून गेला होता. खिशात मात्र ऑफिसचा फोन होता.

पासपोर्ट तपासणीनंतर त्याला वेगळ्या चौकशीसाठी आत नेलं. कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनच्या, म्हणजे सीबीपीच्या अधिकाऱ्याने नेहमीचे प्रश्न विचारले, फोन मागितला आणि मग फोनचा पिन मागितला. हा फोन जेपीएलचा आहे, त्यातल्या माहितीची जबाबदारी माझ्यावर आहे, ती अशी उघडून देता येणार नाही, असं अभियंत्याने सांगितलं. अधिकाऱ्याने एक छापील कागद पुढे केला: इलेक्ट्रॉनिक उपकरणं तपासण्याचा सीबीपीला अधिकार आहे, सहकार्य केलं नाही तर उपकरण ठेवून घेतलं जाऊ शकतं, अशा अर्थाचा. थोडा वेळ नकार देऊन शेवटी त्याने पिन सांगितला. अधिकारी फोन घेऊन नजरेआड गेला. साधारण अर्ध्या तासाने फोन परत आला. 'अल्गोरिदम' वापरून फोन तपासला, एवढंच स्पष्टीकरण मिळालं.

घटना एवढीच. फोन चोरीला गेला नाही, हरवला नाही, कुणी हॅकही केला नाही. अधिकाऱ्याने त्याच्या खात्याच्या नियमांबाहेर काही केलं असंही म्हणता येत नाही. तरीही ऑफिसची माहिती घेऊन परदेशी जाणाऱ्या प्रत्येकासाठी मला हे प्रकरण सगळ्यात जास्त शिकवणारं वाटतं, कारण आपण ज्या उपायांवर भिस्त ठेवतो ते इथं सगळे जागेवर होते आणि एकही उपयोगी पडला नाही.

एक गैरसमज आधीच बाजूला काढतो. त्याच आठवड्यात, २७ जानेवारीला, ट्रम्प सरकारचा पहिला प्रवासबंदीचा आदेश निघाला होता. त्यामुळे बातम्यांमध्ये या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. पण प्रवाशांचे फोन-लॅपटॉप तपासण्याचं सीबीपीचं तेव्हा लागू असलेलं लेखी धोरण २००९ मधलं, ओबामांच्या काळातलं होतं. तपासण्यांची संख्याही आदेशाच्या आधीच वाढू लागली होती. २०१५ च्या आर्थिक वर्षात ती साडेआठ हजारांच्या आसपास होती, २०१७ मध्ये तीस हजारांवर गेली आणि २०२४ मध्ये ४७,०४७ झाली. देशात येणाऱ्या एकूण प्रवाशांच्या तुलनेत हे प्रमाण ०.०१ टक्क्याच्या आसपास आहे. तेव्हा घाबरून जाण्याचं कारण नाही. पण ज्या संस्थेची माणसं वर्षाला शेकड्याने परदेशी जातात, तिने 'आपल्यावर कशाला वेळ येईल' म्हणून विषय सोडून देण्यातही अर्थ नाही.

चोरासाठीचं कुलूप

उपकरणं गमावणं नासाला नवीन नव्हतं. मार्च २०११ मध्ये त्यांचा एक लॅपटॉप चोरीला गेला होता. तो एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे पासवर्डच्या किल्लीशिवाय आतली माहिती वाचताच येऊ नये असा बंद केलेला, नव्हता आणि त्यात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या नियंत्रणासाठी वापरायचे अल्गोरिदम होते. नासाचा कारभार तपासणाऱ्या महानिरीक्षकांनी स्वतः फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे हे सांगितलं. त्याच निवेदनात एप्रिल २००९ ते एप्रिल २०११ या दोन वर्षांत ४८ फिरती उपकरणं हरवल्याची किंवा चोरीला गेल्याची नोंद आहे. २०१२ मध्येच, ३१ ऑक्टोबरला, मुख्यालयातल्या एका कर्मचाऱ्याच्या गाडीतून आणखी एक लॅपटॉप गेला. त्याला पासवर्ड होता, पण डिस्क एन्क्रिप्ट नव्हती आणि आत हजारो लोकांची वैयक्तिक माहिती होती. मग मात्र फर्मान निघालं: संवेदनशील माहिती असलेला लॅपटॉप पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केल्याशिवाय आवाराबाहेर न्यायचा नाही.

फर्मान योग्यच होतं. टॅक्सीत विसरलेला, हॉटेलातून उचललेला, बॅगेतून लांबवलेला लॅपटॉप एन्क्रिप्ट केलेला असेल तर नुकसान फक्त यंत्राच्या किमतीचं. पण ही सगळी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे: समोरच्याकडे किल्ली नाही आणि ती मागायचा त्याला अधिकारही नाही. ह्यूस्टनमध्ये नेमकं हेच गृहीतक निकामी झालं. तिथं समोर चोर नव्हता, गणवेशातला अधिकारी होता, त्याच्या हातात छापील कागद होता, आणि पिन मालकाच्या तोंडूनच येणार होता.

म्हणून प्रवासाच्या तयारीत 'डिस्क एन्क्रिप्टेड आहे ना? मग झालं' हे वाक्य ऐकलं की मी लगेच विचारतो, कोणासाठी एन्क्रिप्टेड? चोरासाठीची तयारी आणि सीमेवरची तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत किल्ली मजबूत असावी लागते. दुसरीत, दार उघडलं तरी आत फारसं काही असताच कामा नये.

पिन दिला म्हणजे काय काय दिलं

फोनवर अवकाशयानाचे आराखडे असायची गरजच नसते. ऑफिसच्या साध्या फोनमध्ये गेल्या काही महिन्यांची मेल साठवलेली असते. कोण कोणाला केव्हा भेटणार हे कॅलेंडर सांगतं. संपर्कयादीतून अख्खी टीम कळते, बाहेरचे सल्लागार आणि पुरवठादारही कळतात. चॅटमध्ये फळ्याचे काढलेले फोटो असतात. ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड असतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे दुहेरी पडताळणीचे कोड देणारं ॲपही त्याच फोनवर असतं. थोडक्यात, फोन हा माहितीचा साठा आहेच, शिवाय तो इतर साठ्यांचा परवानाही आहे.

इथं फोनची अवस्थाही महत्त्वाची. फोन पूर्ण बंद करून चालू केला आणि एकदाही पिन टाकला नाही, तर आतल्या बहुतेक माहितीच्या किल्ल्या मेमरीत आलेल्याच नसतात. एकदा पिन टाकून उघडला की पुढे स्क्रीन लॉक असली तरी त्यातल्या बऱ्याच किल्ल्या मेमरीत राहतात, आणि फोनमधली माहिती काढून घेणाऱ्या फॉरेन्सिक साधनांना ही दुसरी अवस्था बरीच सोपी जाते. आयफोनमध्ये २०२४ पासून, तीन दिवस कोणी उघडला नाही तर फोन आपणहून रीस्टार्ट होण्याची सोय आली, ती याचसाठी. म्हणून विमान उतरण्यापूर्वी फोन आणि लॅपटॉप पूर्ण बंद करावेत. लॅपटॉपचं नुसतं झाकण मिटलं तर तो झोपतो, बंद होत नाही. मात्र पिनच सांगावा लागणार असेल तर या सगळ्या खटाटोपाला काही अर्थ उरत नाही, हेही तितकंच खरं.

मग त्या अर्ध्या तासात काय झालं असेल? अधिकाऱ्याने नुसतं चाळलं, की केबल जोडून सगळी प्रत काढली, हे मालकाला बाहेरून कळायला मार्ग नसतो. आणि पिन हातात असेल तर प्रत काढण्याच्या दृष्टीने अर्धा तास म्हणजे बऱ्यापैकी वेळ आहे.

परत आल्यावरचं वागणं

या प्रकरणात मला मनापासून आवडलेला भाग हा आहे. फोन हातात आल्यावर अभियंत्याने तो 'बघू काय झालंय' म्हणून चाळत बसण्याऐवजी बंद केला आणि थेट जेपीएलच्या तांत्रिक सुरक्षा पाहणाऱ्या लोकांकडे नेला. त्यांनी तो काढून घेतला आणि त्याला दुसरा फोन, दुसरा नंबर दिला. फोन 'स्वच्छ' आहे का, यावर घोळ घातला नाही. नजरेआड गेलेलं आणि उघडं झालेलं उपकरण आपलं राहिलं नाही, असं धरून चालायचं. हा नियम महाग वाटतो, पण तज्ज्ञ लावून प्रत्येक फोन तपासत बसण्यापेक्षा स्वस्त पडतो.

आणि तो उशीर न करता बोलला. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी इथंच घोडं पेंड खातं. सीमेवर अडवलं ही गोष्ट माणसाला लाजिरवाणी वाटते. वरिष्ठ काय म्हणतील, आपल्यावरच संशय येईल का, या विचारात दोन-चार दिवस जातात आणि तोवर तोच फोन ऑफिसच्या वाय-फायवर फिरत राहतो. 'सांगितल्याबद्दल कोणाला बोल लावला जाणार नाही' हे वाक्य प्रवासाच्या नियमावलीत पहिल्या पानावर हवं.

फोन बदलल्यावर खरं काम सुरू होतं. त्या फोनवरून उघडी असलेली सगळी लॉगिन सर्व्हरच्या बाजूने तोडायची, पासवर्ड बदलायचे, दुहेरी पडताळणी नव्याने जोडायची, ज्यांचे तपशील फोनमध्ये होते त्यांना कळवायचं. पण हे करायला फोनमध्ये काय होतं याची यादी लागते, आणि फोन हातातून गेल्यावर ती आठवून बनवावी लागते. निघण्यापूर्वी पाच मिनिटं काढून 'या उपकरणावर अमुक खाती, अमुक फोल्डर' एवढं लिहून ऑफिसात ठेवलं तर पुढचे कितीतरी तास वाचतात.

घेतलेली प्रत जाते कुठे

'सरकारी खात्यानेच तर पाहिलं, त्यात काय बिघडलं?' हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. प्रश्न वाजवी आहे. शिवाय इथं फोन सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा होता आणि तपासणारंही सरकारच. पण एका खात्याचं गुपित दुसऱ्या खात्याच्या ड्राइव्हवर गेलं की त्यावर पहिल्याचा ताबा राहत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या महानिरीक्षकांनी सीबीपीच्या याच तपासण्यांवर अहवाल दिला. त्यांनी भेट दिलेल्या पाचांपैकी तीन ठिकाणी जुन्या तपासण्यांमधली माहिती यूएसबी ड्राइव्हवर तशीच पडलेली आढळली. काम झाल्यावर ती पुसायला हवी होती. काही वेळा तपासणीआधी उपकरणाचं नेटवर्क तोडलं गेलं नव्हतं. म्हणजे फोनमधलंच नव्हे, फोनमधून दिसणारंही उघडं पडण्याची शक्यता होती. याच अहवालात एक गंमतही आहे: सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं नूतनीकरण वेळेवर न झाल्यामुळे २०१७ मध्ये काही महिने लॅपटॉप आणि ड्राइव्हच्या सखोल तपासण्याच बंद पडल्या होत्या. सरकारी कारभार सगळीकडे सारखाच.

२०२२ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांच्या पत्रामुळे आणखी तपशील पुढे आले. वर्षाला दहा हजारांपर्यंत उपकरणांमधली माहिती एका मध्यवर्ती भांडारात जाते, ती १५ वर्षं राहते आणि सीबीपीचे सुमारे २,७०० कर्मचारी ती पाहू शकतात. ज्या माहितीसाठी आपण ऑफिसात 'फक्त चौघांनाच ॲक्सेस' असा आग्रह धरतो, तिची प्रत अशा भांडारात गेली तर त्या चौघांना काय अर्थ उरला?

न्यायालयाने काय दिलं

सप्टेंबर २०१७ मध्ये या अभियंत्यासह अकरा प्रवाशांनी मॅसॅच्युसेट्सच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. दहा नागरिक, एक कायमचा रहिवासी. तो 'अलासाद' खटला म्हणून ओळखला जातो. दावा चालू असतानाच, जानेवारी २०१८ मध्ये, सीबीपीने नवं धोरण आणलं. त्यात हाताने चाळणं ही साधी तपासणी आणि बाहेरचं साधन जोडून माहिती पाहणं, उतरवून घेणं ही सखोल तपासणी, असा फरक केला. सखोल तपासणीसाठी वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण हवं. फक्त उपकरणावर असलेलंच पाहायचं, क्लाउडमध्ये शिरायचं नाही, त्यासाठी नेटवर्क आधी बंद करायचं, हेही त्यात आलं. वकील-अशिलाच्या गोपनीय कागदांसाठी वेगळी पद्धत आणि व्यावसायिक गुपितं जपण्याची तरतूदही आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये जिल्हा न्यायालय प्रवाशांच्या बाजूने बरंच झुकलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अपिलात ते उलटलं: साध्या तपासणीला संशयाचीही गरज नाही, सखोल तपासणीला वॉरंट लागत नाही. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. नंतर न्यूयॉर्कमधल्या काही न्यायाधीशांनी वॉरंट हवं असंही म्हटलं आहे, पण कोणत्या विमानतळावर उतरलो यावर हक्क ठरत असेल तर त्याच्या भरवशावर ऑफिसचं धोरण आखता येत नाही.

आणि इथं एक फरक डोळ्यांआड होतो. हा अभियंता नागरिक होता. पिन नाकारला असता तर फोन ठेवून घेतला असता, त्याचा वेळ गेला असता, पण त्याला देशात घ्यावंच लागलं असतं. निव्वळ माहितीच्या बाजूने पाहिलं तर पिन न देता जप्त झालेला एन्क्रिप्टेड फोन हा पिनसह अर्धा तास दिलेल्या फोनपेक्षा चांगला निकाल आहे. पण हा हिशेब लांबच्या विमानप्रवासाने थकलेल्या माणसाने एकट्याने, अधिकाऱ्यासमोर उभं राहून करायचा नसतो. तो संस्थेने आधी करून त्याच्या हातात द्यायचा असतो: 'फोन गेला तरी चालेल, पिन देऊ नकोस' किंवा 'मागितला तर दे, वाद घालू नकोस, लगेच या नंबरवर कळव'. दोन्हीपैकी कोणतंही एक चालेल. काहीच न सांगणं चालत नाही.

व्हिसावर जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने नकार दिला तर त्याला प्रवेशच नाकारला जाऊ शकतो. कंपनीच्या फाइलींसाठी त्याने स्वतःचा व्हिसा पणाला लावावा, अशी अपेक्षा कोणत्याही कंपनीने ठेवू नये. त्याच्यासाठी एकच मार्ग उरतो: न्यायचंच कमी.

बॅग भरताना

या प्रकरणातला खरा निर्णय ह्यूस्टनला झाला नाही, चिलीला निघताना झाला. छंदासाठीच्या सुट्टीवर ऑफिसचा फोन सोबत गेला, तिथंच. अर्थात त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण एकाच फोनवर सगळं चालवायची सवय संस्थाच लावतात. सुट्टीवर असलो तरी 'फोन चालू ठेव हं' हे सांगणारे आपणच.

सुट्टी असेल तर ऑफिसचं उपकरण घरी, हा पहिला नियम. काम असेल तर फिरतीचा वेगळा फोन, आणि त्यात काय ठेवायचं यावर थोडं डोकं लढवावं लागतं. नवं, तात्पुरतं मेल खातं उघडावं, ज्यात या भेटीपुरतीच मेल येईल. नेहमीची मेल जोडू नये. ज्यांच्याशी बोलायचं आहे तेवढेच संपर्क. सादरीकरण फोनवर न ठेवता पोचल्यावर उतरवून घ्यावं आणि निघण्याआधी काढावं. काढताना गॅलरीत जाऊन 'नुकतेच हटवलेले' हा कप्पाही रिकामा करावा. आयफोनमध्ये पुसलेला फोटो तिथं निदान तीस दिवस बसून असतो. चॅटमधून आलेल्या फाइली 'डाउनलोड'मध्ये वेगळ्या उरतात, त्या लोक हमखास विसरतात. पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपमध्ये प्रवासासाठी काही कप्पे उपकरणावरून तात्पुरते काढून टाकायची सोय असते. वन-पासवर्ड या ॲपने ती मे २०१७ मध्ये आणली, ह्यूस्टननंतर चारच महिन्यांनी. चेहऱ्याने किंवा बोटाने फोन उघडण्याची सोय बंद ठेवून लांब पासकोड वापरावा.

फोन अगदी कोरा न्यावा असं मी सांगणार नाही. कोऱ्या फोनमुळे प्रश्न वाढू शकतात. रोजच्या वापरातला वाटेल इतपत त्यात असावं, आणि विचारलं तर खरं सांगावं: 'ऑफिसचा फिरतीचा फोन आहे, आमच्याकडे तसाच नियम आहे.' लपवलेले कप्पे, खोटे पासवर्ड असल्या करामती तर मुळीच करू नयेत. अमेरिकेत केंद्रीय अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय जेपीएलसारख्या ठिकाणी आणखी एक कारण आहे: निर्यात-नियंत्रणाखालची तांत्रिक माहिती लॅपटॉपवर देशाबाहेर नेणं हीच कायद्याच्या नजरेत निर्यात ठरू शकते, कोणी ती उघडो वा न उघडो.

अमेरिकेपुरतीच ही गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली विमानतळावर पासवर्ड नाकारला म्हणून २०१७ मध्ये एकाला दोषी ठरवलं गेलं. न्यूझीलंडमध्ये २०१८ पासून नकाराला ५,००० न्यूझीलंड डॉलरपर्यंत दंड आहे, मात्र अधिकाऱ्याकडे वाजवी संशय असावा लागतो. २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांचे जोडीदार डेव्हिड मिरांडा यांना जवळजवळ नऊ तास रोखून त्यांच्याकडची एन्क्रिप्टेड हार्ड डिस्क घेतली. एका फाइलचा पासवर्ड त्यांच्याच जवळच्या कागदावर लिहिलेला होता, असं सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितलं. तंत्रज्ञान कितीही भारी असो, चिठ्ठी खिशातच असते.

परत आल्यावर फिरतीचा फोन थेट सुरक्षा टीमकडे. तो कुठंही नजरेआड गेला नसेल तर पूर्ण रीसेट करून पुढच्या प्रवाशासाठी ठेवायचा. गेला असेल तर पुन्हा वापरात आणायचा नाही. तात्पुरतं मेल खातं बंद करायचं. आणि हे होईपर्यंत तो फोन ऑफिसच्या वाय-फायला जोडायचा नाही, चार्जिंगसाठीसुद्धा ऑफिसच्या लॅपटॉपला लावायचा नाही.